बसवलेली माणसं

मोठ्या मावशीने तिला एकदा बजावलं होतं. मावशीच्या यजमानांची बदलीची नोकरी. त्यामुळे मावशीचा अर्धा जन्म बिऱ्हाडं बांधण्यात आणि सोडण्यात गेलेला, आणि घर या विषयावर तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. "घर बघायला जाशील ना," मावशी म्हणाली होती, "तेव्हा नळ बघ, भिंती बघ, काय बघायचं ते बघ. पण आधी समोरच्या दोरीवरचे कपडे बघ. वेगवेगळ्या वारी जा. दर वेळी तेच कपडे वाळत असले, तर जिना न चढता मागे फीर."

"का गं मावशी? भुतं धुणं धुतात की काय?"

"हस. तुझं हसायचं वय आहे."

ती हसलीच होती. घर घ्यायचं म्हणजे कर्ज, कागद, सह्या, आणि ही दोऱ्या बघायला सांगते. पुढे लग्न झालं, लेक झाली, आणि मावशीचं बोलणं कुठल्या कुठे विरून गेलं.

आता लेक साडेतीन वर्षांची होती. घरात सगळे तिला टिकली म्हणत. भाड्याच्या दोन खोल्या तळमजल्याला, आणि भिंतींना बाराही महिने ओल. टिकलीचा पलंग भिंतीपासून कितीही लांब सरकवला तरी पोर रात्री खोकायचीच. आई अंधारात डोळे उघडे ठेवून तो खोकला ऐकत पडायची. डॉक्टरांनी औषध बदलून झालं, वाफारे देऊन झाले, शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "बाई, घर बदला." त्यावर मात्र औषधाच्या दुकानात काही मिळत नव्हतं.

म्हणून बटण कारखान्याची वस्ती.

शहराच्या त्या भागात पूर्वी दिवसाही कुणी फिरकत नसे. बटणांचा कारखाना बंद पडलेला, गोदामांच्या काचा फुटलेल्या, गल्ल्यांत भटकी कुत्री. गेल्या दोनेक वर्षांत मात्र तिथे भराभर कामं सुरू झाली होती. भिंतींवर चित्रं रंगवली गेली, फुटपाथवर झाडं लागली, कारखान्याच्या मजल्यांत भिंती घालून फ्लॅट झाले. भाव अजून हाताबाहेर गेले नव्हते. नवरा एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता, आणि त्याच्या ऑफिसात जो तो म्हणत होता की आत्ता घ्याल तर घ्याल, नंतर नुसते बघत बसाल.

पहिल्यांदा ते तिघं एका रविवारी गेले. गल्लीत शिरल्याबरोबर तिचा जीव हरखला. कॉफीच्या दुकानाबाहेर टेबलं मांडलेली, एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले. सायकलच्या पुढच्या टोपलीत फुलं घेऊन एक मुलगी घंटी वाजवत गेली. एका बाल्कनीत गवती टोपीतले काका लाल झारीने कुंड्यांना पाणी घालत होते, त्यांनी वरूनच हात केला. मजल्यामजल्यावर कपडे वाळत होते. पट्ट्यापट्ट्यांची चादर, निळा शर्ट, लहान मुलीचा पिवळा फ्रॉक. तो फ्रॉक पाहून तिला बरं वाटलं. म्हणजे इथे मुलं आहेत.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. फरशीच्या फटींतून अजून जुनी बटणं निघत होती. टिकलीने एक उचलून तोंडाकडे नेलं, तेवढ्यात आईने झडप घालून काढून घेतलं. पण भिंती! तिने प्रत्येक भिंतीला तळहात लावून पाहिला. कोरड्या ठणठणीत. खिडक्या दारांएवढ्या उंच, आणि खोलीभर ऊन.

"आई, आजी!" टिकली खिडकीशी जाऊन उभी होती.

गल्लीपलीकडे एक जुनी इमारत होती, दर्शनी बाजूला ताजा रंग दिलेला. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, बरोबर समोरच्या खिडकीत, एक म्हातारी उभी होती. पांढरे केस मागे ओढून बांधलेले, गडद स्वेटर, एक हात वर. टिकली हात हलवू लागली. म्हातारीचाही हात हलत होता, सावकाश, थांबून थांबून.

"बघा," दलाल बाई म्हणाल्या, "शेजार आत्ताच जमला." त्या चापून चोपून नेसलेल्या, गोड बोलणाऱ्या, आणि प्रत्येक वाक्य संपलं की समोरच्याच्या पोराकडे पाहून हसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी खिडकी लोटून लावली तसा गल्लीतला सगळा गलबला कुणी गळा धरावा तसा थांबला. "ही काच पूर्ण गल्लीला बसवलीय आम्ही. समोरसुद्धा. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. मुलीची झोप मोडणार नाही तुमच्या."

दुसऱ्यांदा ते मधल्या वारी गेले, ऑफिस सुटल्यावर. पेपरवाले गृहस्थ होते, झारीवाले काका होते, सायकलवाली घंटी वाजवत गेली. तिने सहज वर पाहिलं. पट्ट्यांची चादर, निळा शर्ट, पिवळा फ्रॉक.

तिला मावशी आठवली.

"अरे, तेच कपडे आहेत," ती नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली.

"मग? लोकांकडे असतात तेच कपडे घालतात लोक. तुझ्या अंगावर रोज नवीन असतं का?"

"रविवारी होते तिथेच आहेत. त्याच दोरीवर, त्याच क्रमाने."

"शिस्तीचे शेजारी आहेत, आवडतील तुला. आपल्याकडे तुझ्या हँगरच्या क्रमाला हात लावायची सोय नाही." तो हसला आणि टिकलीला खांद्यावर घेऊन जिना चढू लागला. वर गेल्यावर टिकली धावत खिडकीशी गेली. म्हातारी होतीच. त्याच जागी, काचेला अगदी चिकटून.

नवऱ्याला हे सांगून उपयोग नव्हता; पण नजर हेच तिचं काम होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात लागली होती, आणि दिवसभर उजेडाच्या चौकटीपुढे बसून बाटल्या बघत होती. पुढून जाणाऱ्या बाटल्यांत एखादीत केसाएवढा काचेचा कण, एखादीचं बूच किंचित तिरकं. एकसारख्या शंभर गोष्टींत वेगळी दिसणारी एक शोधायची तिला सवय होती. इथे उलटंच होतं. सगळं वेगवेगळं असायला हवं तिथे सगळं तेच ते होतं.

म्हणून पुढच्या आठवड्यात टिकलीला डॉक्टरांकडे नेऊन आणताना तिने वाट वाकडी केली. दुपारची वेळ, कुणाला न सांगता. गल्लीत माणूस दिसत नव्हतं की घंटी ऐकू येत नव्हती. कॉफीच्या खुर्च्या एकीवर एक रचून साखळीने बांधलेल्या. बाल्कनी रिकामी, लाल झारी कठड्यावर पालथी. खालच्या दोरीवरचा निळा शर्ट हाताशी येत होता. तिने बाही धरून पाहिली. बोटांना धूळ लागली. शर्टाची उन्हाकडची बाजू विटून पांढुरकी झाली होती आणि चिमटे कापडाला गंजाने चिकटले होते.

"आई, आजी!"

तिने वर पाहिलं. सगळ्या गल्लीत तेवढी एकच खिडकी रिकामी नव्हती. म्हातारी उभी होती, आणि तिचा हात हलत होता.

आपण येणार हे हिला कसं कळलं? तिने टिकलीला उचललं आणि बसस्टॉपवर माणसं दिसेपर्यंत ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दलाल बाईंना फोन लावला. आवाज चढवायचाच म्हणून चढवला. "त्या गल्लीत कोणी राहत नाही. काल दुपारी मी स्वतः जाऊन आले."

तिला वाटलं बाई कानांवर हात ठेवतील. पण त्या मनापासून हसल्या. "अहो मॅडम, दुपारी कशाला गेलात? दुपारी आमची माणसं जेवायला जातात."

"तुमची माणसं?"

"बसवलेली. लपवण्यासारखं काय आहे त्यात? रिकामी गल्ली कोण विकत घेतं, तुम्हीच सांगा. तुम्ही घेतली असती? घर दाखवायच्या वेळांना आम्ही माणसं बसवतो. कुणी नाटकातली, कुणी रिटायर झालेली. त्यांनाही चार पैसे मिळतात. तुमच्यासारखी पहिली दहा-बारा कुटुंबं राहायला आली, की बसवलेली उठतील. बाकीच्या कंपन्याही हेच करतात."

"आणि समोरच्या आजी?"

"त्या होय? त्या फार छान करतात हो! आमच्या नाहीत, गल्लीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या कंपनीचं ऑफिस आहे, त्यांनी बसवल्या असतील. पण काम चोख. मुलं तर लगेच रमतात."

आणि गंमत अशी, की तिचा जीव भांड्यात पडला. फसवणूक तर फसवणूक, पण समजण्यासारखी होती. तिच्या कारखान्यातही हेच चालायचं. तपासणाऱ्या बायका जाग्या आहेत की नाही हे बघायला वरचे लोक अधूनमधून मुद्दाम खोट असलेली बाटली रांगेत सोडत. बाटलीच्या बुडाशी खूण असे, जांभळ्या दिव्याखालीच दिसणारी. तिला आता वाटलं, ही गल्ली म्हणजे तशीच मुद्दाम सोडलेली बाटली. आपण पकडली, संपलं.

नवरा तर पोट धरून हसला. "म्हणजे इतके दिवस आपण घर नाही, नाटक बघत होतो! आणि तेही फुकट." मग गंभीर होऊन म्हणाला, "भिंती खऱ्या आहेत ना? कोरड्या आहेत ना? मग माणसं येतील गं. आपण जाऊ, अजून कोणी येतील. रविवारी सही करून टाकू."

ती हो म्हणाली. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा मनातल्या मनात त्या उंच खिडक्यांना पडदे लावून पाहिले.

पोळ्यांची कणीक भिजवताना तिचं लक्ष टिकलीकडे गेलं. पोर कपाटाच्या आरशापुढे उभी होती, नाक काचेला टेकवलेलं. एक हात वर केलेला, मूठ वळलेली, आणि बोटांची पेरं आरशावर आपटत होती. सावकाश, थांबून थांबून.

"काय करतेस गं?"

"आजी आजी खेळते."

"आजी असं नाही करत राणी. आजी हात हलवते. टाटा करते."

टिकलीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं लहानांकडे पाहतात. "नाही. आजी टकटक करते. पण आवाज येतच नाही."

कणकेचा हात तसाच राहिला. तिने डोळे मिटून ती खिडकी आठवली. हात वर. पण तळवा नव्हता दिसला. एकदाही तळवा दिसला नव्हता.

सकाळी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, टिकलीला पाळणाघरात सोडलं आणि घर दाखवायच्या वेळेला गल्लीत गेली. हवेत गारठा होता. पेपर वाचणारे होते, सायकलवाली होती. ती कशाकडे न बघता समोरच्या इमारतीखाली जाऊन उभी राहिली आणि कारखान्यात बाटली बघायची तशी ती खिडकी बघू लागली, कडेपासून मध्यापर्यंत, सावकाश. म्हातारीची वळलेली मूठ काचेवर होती. आणि तोंडापुढे काचेवर एक पांढुरका डाग होता. तो मोठा व्हायचा, लहान व्हायचा. मोठा, लहान.

आतून येणाऱ्या श्वासाचा डाग.

झारीवाले काका पायरीवर बिस्किट खात बसले होते. जवळून पाहिलं तर गालाला रंग लावलेला. नाटकातला माणूस, लगेच ओळखून हसला. "या ताई! तुम्ही छोटीच्या आई ना? कुठे आहे प्रेक्षक आमचा?"

"काका, त्या वरच्या बाई कोण?"

"मोठ्या बाई? आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतो. कामावर काय निष्ठा हो! आम्ही यायच्या आधी हजर, आम्ही निघालो तरी हजर. मी या पोरांना सांगतो, शिका काहीतरी. तुम्ही पाच मिनिटं उभं राहायला लागलं तर पाय दुखतात म्हणता."

"कधी खाली आल्यात? चहाला?"

काकांनी बिस्किट तोंडाशी थांबवलं. "खाली... नाही. खाली नाही पाहिल्या."

"कोणत्या ऑफिसच्या आहेत?"

"आमच्या नाहीत. वरच्या अंगाच्या असतील."

"वरच्या अंगाच्या लोकांना विचारलंय मी. ते म्हणतात, तुमच्या."

हे खोटं होतं. तिने कुणालाच विचारलं नव्हतं. पण काकांचा चेहरा उतरला त्यावरून तिला कळलं की हे आधी त्यांच्याही मनात येऊन गेलं होतं. कारखान्यात पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाई नव्या मुलींना जी धास्ती घालत, ती तिला आठवली: खरी खोट सापडेल आणि तुम्ही समजाल की ती आपली परीक्षा घ्यायला सोडलेली आहे. बाजूला ठेवाल आणि निवांत बसाल. म्हणून हातात आली की आधी जांभळ्या दिव्याखाली धरायची. इथे प्रत्येकाने म्हातारीला दुसऱ्याच्या खात्यात टाकलं होतं, आणि दिवा कुणी धरलाच नव्हता. तिनेही नाही.

"मला वर जायचंय," ती म्हणाली.

"दार बंद आहे ताई. आतला जिना काढलाय, काम चालू आहे. मागून परांची आहे बांबूंची, पण ती तुमच्यासाठी नाही." काका उठले, टोपी पायरीवर ठेवली. "तुम्ही थांबा. मी जाऊन येतो. तरुणपणी नाटकात रोज झाडावर चढायचो, लोक टाळ्या वाजवायचे."

ते इमारतीमागे गेले. ती खाली उभी राहून खिडकीकडे बघत राहिली. म्हातारीचा हात हलायचा एकदम थांबला. तिने मान वळवली, खोलीच्या आतल्या बाजूला, कान देऊन ऐकावं तशी. बराच वेळ ती तशीच होती.

काका परत आले तेव्हा गालावरचा रंग घामाने ओघळला होता.

"काका?"

"तिसऱ्या मजल्यावर तिकडे खोली नाही. नुसती भिंत आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवी."

"नवी म्हणजे?"

"हात लावला तर ओली लागली."

"ठोकून पाहिलीत?"

"पाहिली."

"मग?"

काकांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मग मी खाली आलो," ते म्हणाले. "ताई, मला इथलं काम हवंय. मला काही विचारू नका." आणि ते बाल्कनीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले. कुंड्यांतली झाडं प्लास्टिकची होती. पाणी गल्लीत ठिबकत राहिलं.

ती तडक पोलीस चौकीत गेली. हवालदार चांगला होता, तिच्याबरोबर आला. त्याने वर पाहिलं, म्हातारीला पाहिलं, आणि चौकशीसाठी दलाल बाईंना बोलावलं. बाई आल्या, परिस्थिती पाहिली, आणि डोळ्यांची पापणीही न लववता म्हणाल्या, "त्या? त्या आमच्याच."

"काल तर तुम्ही म्हणालात तुमच्या नाहीत!"

"मॅडम, फोनवर गोंधळ होतो. एवढी माणसं बसवलेली असतात." त्या हवालदाराकडे वळल्या. "यांची मुलगी आजारी असते हो. झोप होत नाही बिचाऱ्यांची."

"मग त्यांना खाली बोलवा," ती म्हणाली. "आत्ता."

"ड्यूटी संपली की येतील. मध्येच कसं उठवणार?"

हवालदाराला ते पटलं. पटण्यासारखंच होतं ते. काल तिलाही पटलं होतं. तो म्हणाला, "बाई, घरी जा, पोरीकडे बघा," आणि तोही निघून गेला.

ती गेली नाही. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला मिनीबस आली. पेपर वाचणारे चढले, सायकलवालीने सायकल भिंतीला लावली आणि ती चढली, काका तिच्याकडे न बघता चढले. दार लागलं, बस गेली. गल्लीतले दिवे एकेक करून मालवले. उरलेल्या संधिप्रकाशात तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत तो पांढरा डाग मोठा झाला, लहान झाला.

नवऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्याने तिला कागदावर चौकोन काढून दाखवलं, त्याच्या ऑफिसात काढतात तसं. "दर्शनी भागाला शोभेच्या खिडक्या ठेवतात गं. मागे भिंत असते. जुन्या इमारतींत सर्रास करतात."

"काच आणि भिंत यांच्यामध्ये किती जागा असते?"

तो पेन्सिल थांबवून बसला. "हातभर," तो म्हणाला. "कधी कधी दोन हात." आणि त्याने तो कागद चुरगाळला.

रविवारी मात्र तो तयार होऊन उभा राहिला. टिकली रात्रभर खोकली होती. "निदान जाऊन बोलू तर," तो म्हणाला. ती गेली, कारण तिला खिडकी बघायची होती.

बाल्कनीत लाल झारी होती, गवती टोपी होती. टोपीखाली दुसराच माणूस होता. त्याने वरून अगदी तसाच हात केला.

दलाल बाईंनी ऑफिसात चहा मागवला, टिकलीला रंगीत खडू दिले. कागद पुढे सरकवण्याआधी त्या जरा पुढे वाकल्या. "मॅडमना ती समोरची खिडकी खुपते, हे आमच्या लक्षात आलंय. आम्ही गिऱ्हाईकाचं मन मोडत नाही. तुम्ही सही करा, उद्या सकाळी गवंडी लावते आणि ती खिडकी भरून घेते. विटा, वर रंग. तिथे खिडकी होती हे कळणारसुद्धा नाही."

नवऱ्याचा चेहरा क्षणभर सैल झाला. "ऐक ना, हे तर..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहून थांबला.

तिच्या डोळ्यांपुढे भिंती आल्या. कोरड्या, उन्हाने भरलेल्या, लेकीच्या छातीसाठी हव्या होत्या तशा. त्या भिंती मिळायच्या तर समोरची शेवटची काच बुजणार होती. इतकं साधं होतं ते.

"आम्हाला घर नको," ती म्हणाली.

"विचार करा. मुलीसाठी तरी."

"मुलीसाठीच विचार केलाय. आणि ती खिडकी आम्हाला मुळीच खुपत नाही. लिहून देऊ का? आमची काही तक्रार नाही."

रस्त्यावर आल्यावर नवरा तिच्यावर पहिल्यांदा ओरडला. लोक थांबून बघू लागले. "आणि आता काय? ओलीत पोर मारायची? तू नाही म्हणालीस म्हणून ती म्हातारी सुटली का? कोणी दुसरा येईल, सही करेल!" मग तो टिकलीला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तेच तर भय होतं.

ती पुन्हा गेली. मागची परांची उतरवलेली होती, आणि गल्लीच्या तोंडाशी नवं फाटक बसलं होतं. वेळ ठरवून घर बघायला आलेल्यांनाच आत सोडतात, आणि तिला वेळ मिळत नाही. दलाल बाई तिचा फोन उचलत नाहीत. पोलिसांकडे तिने लेखी तक्रार केली. उत्तर आलं की सदर इमारत रिकामी आहे, घरं दाखवण्यासाठी बसवलेल्या व्यक्तीबाबत कळवल्याबद्दल आभार. फाटकाच्या गजांतून खिडकी तिरपी दिसते. मूठ अजून काचेवर आहे, पण हलताना दिसत नाही. पांढरा डाग पूर्वी तोंडभर पसरायचा. काल तो बोटाच्या पेराएवढा होता, आणि दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ गेला की ती गज धरून मोजायचं विसरली.

टिकली अजून खोकते. ते अजून त्याच खोल्यांत आहेत, आणि ती जिथे जाईल तिथे हेच सांगते. कारखान्यात सांगते, बसमध्ये सांगते, घरं शोधणाऱ्यांना तर हाताला धरून सांगते. हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेवढंच सांगणं आहे. तुम्हाला आत सोडतील. तुम्ही घर बघायला म्हणून जा, चहा घ्या, भिंतींना हात लावा. समोरच्या खिडकीबद्दल मात्र एक अक्षर काढू नका, नाहीतर ते ती बुजवतील. खाली उतरलात की पलीकडच्या इमारतीच्या मागे जा, बरोबर पहार असेल तर घेऊन जा, आणि तिसऱ्या मजल्यावरची ती नवी भिंत आधी मुठीने ठोका. मग थांबा. उत्तर सावकाश येतं, थांबून थांबून येतं. ते आलं तर काकांसारखे खाली येऊ नका. आणि नाहीच आलं, तरी एकदा ठोकून परत फिरू नका. आजच जा.